आमच्या आधी नको

आमच्यासारख्या आईबापांचं देवाकडे एक मागणं असतं. ते चारचौघांत कुणी बोलत नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर किंवा विशेष शाळेच्या व्हरांड्यात दोघे शेजारी बसले, ओळख जरा मुरली, की एकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता म्हणतो, "देवाने याला आमच्या आधी न्यावं, एक दिवस का होईना." दुसरा हं म्हणतो. मग चहाचं निघतं.

मीही वर्षानुवर्षं हेच मागत आलो. वणीच्या गडावर सप्तशृंगीपुढे उभं राहून मागितलं, रात्रपाळीहून परतताना स्कूटरवर मागितलं. हीदेखील तेच मागत होती, हे मला फार उशिरा कळलं. संसारात आम्ही एकमेकांपासून लपवलेली ही एकच गोष्ट असेल. आता मी ते मागत नाही. मन कसं पालटलं ते लिहायला बसलोय. यात बाप म्हणून मी काही फारसा शोभून दिसणार नाही, पण मनोगत म्हटल्यावर त्याला इलाज नाही.

मुलगा ३१ वर्षांचा आहे. धाकट्या बहिणीचं ऐकून सगळी गल्ली त्याला दादा म्हणते, म्हणून इथेही दादाच म्हणतो. उंचीने माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, वजन ८४ किलो, त्यातलं बरंचसं औषधांनी आलेलं. बोलतो तीन शब्द: पाणी, नको आणि गाडी. 'गाडी' म्हणजे बाहेर जायचंय, पोट दुखतंय किंवा पाहुण्यांना आता घालवा, यातलं काहीही. दात घासून द्यावे लागतात, दाढी करून द्यावी लागते. संडासला लागली की खुणेने सांगतो, पण धुवून द्यावं लागतं. तारुण्य त्यालाही आलं. त्याचं काय करायचं हे त्याला कुणी समजावू शकलं नाही. तसं काही असलं की आपल्या खोलीत जायचं, एवढंच बऱ्याच वर्षांनी जमलं. पंधराव्या वर्षापासून फिट्स आहेत. चिडला की उजव्या मनगटाला चावतो, तिथली कातडी जाड आणि काळी पडलीय. आणि कधीकधी आईला मारतो. मला नाही, आईलाच. का, ते विचारू नका. मला माहीत नाही.

माझी नोकरी धाग्याच्या कारखान्यात, टेक्श्चरायझिंग खात्यात. आता निवृत्त झालोय. तिथून आणलेल्या रिकाम्या पेपर ट्यूब म्हणजे दादाचं सगळं जग. धागा ज्यावर गुंडाळतात ती ही पुठ्ठ्याची जाड नळी. दादा त्या नळ्या भिंतीला लावून ओळीने उभ्या करतो. मधेच एखादी उचलून तळहातावर ठेवतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने फिरवतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत राहतो. लॉट ओळखू यावा म्हणून नळ्यांना रंगाचे पट्टे असतात. लाल पट्ट्यांच्या ओळीत एक निळ्या पट्ट्याची नळी सरकवून पाहा, तुमची पाठ फिरते न फिरते तोच ती बाहेर काढून ठेवलेली असते. आमच्या पॅकिंग खात्यातल्या माणसांची नजर एवढी पक्की असती तर बरीच परत आलेली खोकी वाचली असती.

दादाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. टीव्हीवर असा मुलगा दाखवायचा म्हटलं की तो गणितात हुशार तरी असतो नाहीतर पियानो तरी वाजवतो. 'रेन मॅन' हा सिनेमा १९८८ साली आला, तेव्हापासून अशा प्रत्येक पोराच्या पोटात एखादी विद्या दडलेली असते अशी समजूतच झालीय. पाहुणे विचारतातच, याला काय येतं? नळ्या लावता येतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने दादासारख्यांना वेगळं नाव वापरावं असं सुचवलं: प्रोफाउंड ऑटिझम, म्हणजे अतितीव्र. वय आठच्या पुढे, बोलणं जवळजवळ नाही किंवा बुद्ध्यंक ५० च्या खाली, आणि चोवीस तास मोठं माणूस हाताशी हवंच. २०२३ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांची आकडेवारी मांडली, त्यात अशी मुलं २६.७ टक्के निघाली. म्हणजे चारातलं एक. उरलेल्या तिघांपैकी काहीजण मोठे होऊन स्वतःबद्दल लिहितात, सभांमधून बोलतात, आम्हाला आजारी म्हणू नका असं सांगतात. त्यांच्यापुरतं ते खरं असेल. या चौथ्याच्या वतीने मात्र बापालाच बोलावं लागतं, आणि बाप किती वर्षं पुरणार?

आम्ही मूळचे खानदेशातले. १९८० च्या दशकात करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने आले आणि कारखान्यांमागून आमच्यासारखे आले. आमलीत ६६ केव्हीए रोडच्या मागच्या अंगाला आमचं घर. शेजारी ओडिया, त्यापलीकडे बिहारी, समोर सौराष्ट्रातले पटेल, मागच्या वाडीत वारली कुटुंबं. गावाकडे कुणी म्हणायचं मागच्या जन्मीचं देणं आहे, कुणी म्हणायचं हिने पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही. आईवर खापर फोडण्यात शिकलेलेही मागे नव्हते. ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या विद्वानाने १९६७ साली जाडजूड पुस्तक लिहून आयांच्या थंडपणाला दोष दिला, आणि त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलँड या स्वमग्न मुलाच्या बापाने ती कल्पना खोडून काढली होती. इथे आमलीत कुणाला आमचे वाडवडील माहीत नव्हते, त्यामुळे त्यांची पापं मोजायला कुणी बसलं नाही. दादा एकदा रात्री कडी काढून निघून गेला, तर पाळी सुटून टपरीवर थांबलेल्या कामगारांनी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून घरी आणला. आपल्या माणसांत राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं ही अजूनही म्हणते. मला तसं वाटत नाही. टीव्हीवर 'चौकट राजा' लागला की डोळे पुसणारे आमचे नातेवाईक दादा समोर आला की पाय वर घेऊन बसायचे.

निदान मुंबईला झालं, दादा तीन वर्षांचा असताना. डॉक्टरांनी तोंडाने ऑटिझम म्हटलं आणि कागदावर मतिमंद लिहिलं, कारण १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेला जागाच नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात मिळाली, आणि प्रमाणपत्रावर तो शब्द लिहून मिळायला २०१६ उजाडलं. तोवर दादा बाविशीत होता. त्या कागदाने घरात काही बदललं नाही.

घरात एक गोष्ट ठरलेली होती. दादाला फक्त आम्ही दोघंच सांभाळू शकतो. त्यातही मी. भात गार हवा. वरण वाटीत वेगळं, ताटात एकाला दुसरं लागता कामा नये. आंघोळीचं पाणी आधी पायांवर. पंखा दोनवर. शर्टाच्या कॉलरचं लेबल कापलेलं. रस्त्यात ट्रक हॉर्न वाजवणार असं दिसलं की आपला हात त्याच्या कानावर आधीच पोचला पाहिजे. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लिहून ठेवायची मला इच्छाही नव्हती. कारखान्यात जुना फिटर मशीनची खोच कुणाला सांगत नाही, आपल्यावाचून पाळी अडली पाहिजे म्हणून. माझं तसंच होतं. कुणी म्हटलं मदतीला माणूस ठेवा, तर मी म्हणायचो, पोटचं पोर नोकराच्या हाती देऊ? संस्थेचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो.

आमच्यानंतर काय, याची माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक देवाकडचं, ते वर सांगितलं. दुसरं म्हणजे धाकटी. तिला कधी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी स्थळं बघताना पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकायचो की मुलीला असा असा भाऊ आहे आणि पुढे तो हिच्याकडेच राहणार. बरीचशी स्थळं तिथूनच माघारी गेली. आपण कसं रोखठोक बोललो याचा मला अभिमान वाटायचा. मुलगी आतल्या खोलीत ऐकत असायची. शेवटी तिने स्वतः ठरवलेल्या मुलाशी लग्न केलं. पुण्याला निघण्याआधी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, दादाचे पैसे, कागद, दवाखाना, सगळं मी बघेन. मरेपर्यंत बघेन. पण त्याला धुणं-पुसणं, रात्री त्याच्याजवळ झोपणं माझ्याने होणार नाही. त्याचा हात उठला की मला अजून लहानपणीसारखी भीती वाटते. हे तुम्ही आत्ताच ऐकून ठेवा." मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

मग माझ्या छातीत दुखलं. तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि बायपासला मुंबईला न्यायचं ठरलं. माझ्याबरोबर ही हवी. दादाला मुंबईच्या दवाखान्यात नेणं शक्यच नव्हतं. धाकटी रजा टाकून आली, पण रात्रीचं काय? खानवेलकडचा एक पोरगा आमच्या कारखान्यात कँटीनला होता, कोकणा समाजाचा, पंचविशीतला. नळ्यांचे गठ्ठे घरी तोच आणून टाकायचा, म्हणून दादा त्याला ओळखत होता. त्याला विचारलं, रात्रीचा राहशील का? म्हणाला, "राहीन की काका, त्यात काय?" त्यात काय! मला रागच आला. निघायची वेळ होईपर्यंत मी त्याला समोर बसवून घेतलं आणि त्यात काय काय आहे ते सांगत राहिलो. भात, वरण, पंखा, लेबल, हॉर्न. तो नुसती मान डोलवत होता. मी मनात म्हटलं, दोन रात्री टिकला तरी पुष्कळ.

परत आलो तेव्हा महिना होत आला होता. मधल्या काळात काय झालं ते धाकटीने सांगितलं. पहिल्या रात्री दादा झोपलाच नाही, 'गाडी, गाडी' करत दाराशी बसून राहिला आणि मनगट रक्त येईपर्यंत चावलं. दुसऱ्या रात्री त्या पोराच्या खांद्याला चावला. आता हा निघून जाणार असं तिने धरलंच होतं. तो गेला नाही. सकाळी उठून दादाला घेऊन दमणगंगेच्या काठाकाठाने निघाला, तो इतका लांब की परत आल्यावर दादा जेवून तिथेच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चालायचं, जेवायचं, झोपायचं. आठवड्याच्या आत रात्री शांत झाल्या.

मी घरात आलो. दादाने माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरून मला खुर्चीपाशी नेलं, बसवलं आणि तो आपल्या नळ्यांकडे गेला. संध्याकाळी मी हट्टाने त्याचं ताट घेऊन बसलो. गार भात, वाटीत वरण. त्याने ताट माझ्या हातातून घेतलं, स्वयंपाकघरात नेलं, त्या पोराच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली आणि वरण भातावर ओतून, कालवून, स्वतःच्या हाताने जेवला. कालवून! ज्या घरात आजवर वरणाचा थेंब भाताला लागू दिला नव्हता तिथे. जेवण झाल्यावर ताट मोरीत ठेवून आला.

धाकटी हसत होती. हिने डोळ्याला पदर लावला. मला विचाराल तर मला आनंद झाला नाही, अपमान वाटला. छातीवरचे टाके अजून ओले होते आणि मी मनात म्हणत होतो, मग आम्ही इतकी वर्षं केलं काय?

नंतर मी त्या पोराला विचारलं, हे कसं शिकवलंस रे? तो म्हणाला, "शिकवलं नाही काका. मी कालवून खातो ते तो बघायचा. एकदा माझ्याच ताटात हात घातला त्याने." आमच्या घरात दादाच्या शेजारी बसून कुणी जेवतच नव्हतं. आधी त्याला भरवायचं, मग आपण जेवायचं, ही आमची रीत. प्रेमाचीच रीत होती ती. तिच्यामुळे त्याने दुसऱ्या माणसाचं जेवण कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी देवाकडचं मागणं सोडलं असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काही झालं नाही. बायपासनंतर झोप तुटक लागते. अशा रात्री मी तेच मागणं पुन्हा म्हणायला लागायचो आणि मधेच अडायचो. त्यात दया आहे असं मी समजत होतो. आता त्याच्या तळाशी दुसरंच दिसायला लागलं: माझ्यावाचून याचं चालणार नाही, तेव्हा माझ्यावाचून हा नसलेलाच बरा. रोज सकाळी उठून नळ्या लावणारा, पहिला पाऊस आला की अंगणात जाऊन तोंड वर करून उभा राहणारा, जेवणावर मनापासून प्रेम करणारा एक माणूस. त्याचं आयुष्य मी माझ्या मापाने कापून मागत होतो. त्याने कधी सांगितलं होतं मला मरायचंय म्हणून? त्याला तीनच शब्द येतात हे मी सगळ्या जगाला सांगत फिरलो. त्यातला एक 'नको' आहे, याचा मात्र मी विचार केला नव्हता.

त्या दिवसांत मी एका मुलाबद्दल वाचलं. ऑटिझमवरचा पहिला मोठा निबंध अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली लिहिला, ११ मुलांवर. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईबापांनी त्याला तिसऱ्या वर्षी संस्थेत ठेवला आणि वर्षभराने स्वतःच परत आणला. इथवर वाचून मी खूश झालो होतो. पण पुढे तो नऊ वर्षांचा असताना त्याच आईबापांनी त्याला घरापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवला. डोनाल्डला मोजण्याचं वेड. त्या जोडप्याने त्याला विहिरीची खोली मोजायला लावली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर म्हणाले, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तिथे जाऊन बघून आले. १९७१ साली त्यांनी त्या अकरांचं पुढे काय झालं ते लिहिलं. जी मुलं सरकारी मनोरुग्णालयांत गेली, त्यांच्यात जे थोडंफार होतं तेही विझून गेलं होतं. डोनाल्ड बँकेत काम करत होता. तो २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला, आईबापांच्या मागे कितीतरी वर्षं आपल्या गावात राहून. आता डोनाल्ड बोलायचा, मोटार चालवायचा, गोल्फ खेळायचा. दादाची आणि त्याची बरोबरी नाही. शिवाय त्याच्या घरची बँक होती, आमच्याकडे पीएफ आहे. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की ते आईबाप धडधाकट होते, मुलाला घरी ठेवू शकत होते, तरी त्यांनी त्याला दुसऱ्याच्या घरात राहायची सवय लावली.

कागदपत्रांचंही मी असंच टाळत आलो होतो. मूल अठराचं झालं की कायद्याने आईबाप त्याचे पालक राहत नाहीत, मग ते तीन शब्द बोलणारं का असेना. हे आम्हाला एका बँकेच्या खिडकीवर कळलं. दादाच्या नावची ठेव मोडायची होती. "त्यांनाच सहीला घेऊन या," म्हणाले. नेला असता तर त्यांचा नियम बदलला असता की नाही माहीत नाही, काचा नक्की बदलाव्या लागल्या असत्या. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व घ्यायचं. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. आम्ही दोघांनी ते घेतलंय. आमच्यामागे धाकटी अर्ज करणार. पैसे, कागद, दवाखाना. तिने सांगितलं होतं तेवढंच.

न्यासाचा 'निरामय' विमा आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधी तपासणीही लागत नाही. तो मी बरीच वर्षं काढलाच नव्हता, कारण आमच्यानंतर तो चालू ठेवायला कोण आहे असं वाटायचं. कायदेसुद्धा आमच्यासारखाच विचार करत होते म्हणा. अपंग मुलासाठी ठरावीक विमा घेतला तर आयकरात ८०डीडी कलमाखाली सूट मिळते, पण अट अशी होती की मुलाला पैसे मिळायचे ते बाप मेल्यावरच. एक पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली नाही, पण सरकारने फेरविचार करावा असं म्हटलं, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात बदल झाला. आता पालकाने साठी गाठली की तो जिवंत असतानाही मुलाला रक्कम सुरू होऊ शकते. दिल्लीला हे सुचायला किती वेळ लागला म्हणून मी हसलो असतो, पण मला काही त्याहून लवकर सुचलं नव्हतं.

मग आम्ही संस्थांची चौकशी सुरू केली. बदलापूरची 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं अमेय पालक संघटनेचं 'घरकुल', पुण्याजवळ मारुंजीचं 'नवक्षितिज'. यातल्या पहिल्या दोन तर आमच्यासारख्या पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केल्या. या फिरण्यात एके ठिकाणी साठीकडे झुकलेला एक गृहस्थ भाजी निवडत बसलेला दिसला. आईबाप जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. जन्मभर मी ज्या दृश्याला घाबरत आलो होतो ते हेच. तो मेथी निवडत होता. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, मान वर न करता. मी शेजारी उभा राहिलो तर सावली पडली म्हणून त्याने मला हाताने बाजूला केलं.

दुसऱ्या एका ठिकाणी अर्जातच अटी होत्या: मारणारा नसावा, फिट येत नसावी, शौचाचं भान असावं. म्हणजे ज्याच्या घरच्यांचं कंबरडं सगळ्यात आधी मोडतं त्यालाच दार बंद. त्यांच्याकडे माणसं किती अपुरी होती तेही मी पाहिलं, त्यामुळे भांडलो नाही. आणि दादाची दमणगंगा, तो खानवेलचा पोरगा, टपरीवरची ओळखीची तोंडं, हे सगळं सोडून त्याला अडीचशे किलोमीटरवर नेऊन ठेवायचं, हेही पटेना.

म्हणून इथेच छोटं काही मांडलं. सेलवासमधलं एक घर, वापीचं एक आणि आमचं. नरोलीच्या रस्त्याला एक बैठं घर भाड्याने घेतलंय. शुक्रवारी संध्याकाळी तिघेही मुलगे तिथे जातात, रविवारी दुपारी परत येतात. खानवेलचा पोरगा कँटीन सोडून आता हेच काम करतो, जोडीला त्याचा चुलतभाऊ. पगार कारखान्यातल्या हेल्परपेक्षा जास्त देतो. या कामाला स्वस्तातला माणूस शोधायचा नसतो. दादाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं मी वहीत उतरवून दिलंय. त्यातली निम्मी पानं आता लागू नाहीत असं तो पोरगा मला बिनदिक्कत सांगतो.

सगळं सुरळीत आहे असं नाही. मागच्या पावसाळ्यात तिथे दादाला फिट आली, पडला, भुवईवर टाके पडले. त्या दोघांनीच त्याला दवाखान्यात नेलं आणि मग आम्हाला फोन केला. त्या रात्री ही म्हणाली, घरी असता तर पडला नसता. घरीही पडला होता, पण ते आमच्या देखत. हिचं मन माझ्याइतकं पालटलेलं नाही. शुक्रवारी त्याची पिशवी भरताना ती माझ्याशी बोलत नाही, आणि मीही तिला समजवायला जात नाही. मार तिने खाल्लाय, मी नाही. दादा नसतो त्या दोन रात्री तिला झोप लागते, हे मात्र तीच एकदा बोलून गेली आणि लगेच गप्प झाली.

तिची एक भीती मला खोडता येत नाही. न बोलणाऱ्या माणसाला बंद दाराआड कुणी हात लावला तर आपल्याला कळणार कसं? वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात. त्यावर मला एकच उपाय दिसतो: न कळवता, वेळीअवेळी, त्या दारात जाऊन उभं राहायचं. त्याच्या अंगावरचे कपडे बघायचे, पाठ बघायची, तो त्या माणसाजवळ कसा बसतो ते बघायचं. मी जातो. कधी दुपारी, कधी रात्री अकराला. त्या पोरांना पहिल्यांदा वाईट वाटलं, आता चहा टाकतात. हे आत्ता करता येतं. मेल्यावर करता येत नाही. आमच्यामागे दादाला जावं लागेल ते कुठल्यातरी अनोळखी घरात, आई गेली आणि घरही गेलं अशा एकाच आठवड्यात, आणि बघायला येणारं कुणी नसेल. इतकी वर्षं मी प्रेमापोटी त्याच आठवड्याची तयारी करत होतो.

भाडं, पगार आणि जेवणखाण मिळून तीन घरांना ते कसंबसं झेपतं. चौथं घर आलं तर दोन रात्रींच्या चार करता येतील, म्हणून हे लिहिलं. सेलवास, वापी, दमण, भिलाड, उंबरगाव, तलासरी या टापूत कुणाचा असा मोठा मुलगा असेल, तो मारत असेल, त्याला फिट येत असेल, धुवून द्यावं लागत असेल, तरी चालेल. तो अठराचा झाला असेल तर आधी जिल्हाधिकारी कचेरीत समितीचा अर्ज टाका. आणि तुम्ही दोघं हिंडते-फिरते आहात तोवर या. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.